लाल लोंबती राहू दे

माझा भाऊ अजिनाथ टीव्हीचा मेकॅनिक. पाथर्डीच्या अलीकडं, नगर रोडला, आमच्या गावच्या फाट्यावर त्याचं दुकान हाय. दुकान म्हंजे पत्र्याची टपरी, आत एक टेबल, आन टेबलावर पाठ उघडून ठिवलेला कुनाचातरी टीव्ही. मी त्याची थोरली बहीन लंकाबाई. अंगनवाडीत मदतनीस हाय आन तोंडानं फटकळ हाय, गावात कुनालाबी इचारा. अजिनाथाचं सांगायचं तर मलाच सांगावं लागंल, कारन त्यो सवताहून काई सांगत न्हाई. इचारलं की 'बरं' म्हनतो. जेवतो का, बरं. डोकं दुखतंय का, बरं. एकदा मी भाजीत मीठ टाकायचंच इसरले. त्यानं दोन भाकरी खाल्ल्या, ताट धुतलं आन दुकानाला गेला. मी जेवायला बसले तवा मला कळलं.

आता ही पिनांची भानगड आधी सांगते, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. जुन्या डबड्या टीव्हीला मागं रंगीत भोकं असायची. पिवळं चित्राचं, पांढरं आवाजाचं. आमच्याकडं असायचे त्या टीव्हींना ही दोनच. पन सीडी प्लेअरच्या वायरीला पिना तीन: पिवळी, पांढरी आन लाल. लाल बी आवाजाचीच. मोठ्या टीव्हीला दोन स्पीकर असत्यात, त्यातल्या डाव्याला पांढरीतनं आवाज जातो आन उजव्याला लालमधनं. गरिबाच्या टीव्हीला एकच स्पीकर, मंग लाल कुठं घालायची?

आमच्या भागातली निम्मी मानसं दसरा झाला की ऊस तोडायला जात्यात. तवा घराला कुलूप लागायचं आन टीव्ही अजिनाथाच्या दुकानात यायचे. सहा महिने मोकळ्या घरात टीव्ही कोन ठिवतो? त्यो खडूनं प्रत्येकावर नाव लिवायचा, वर पोतं टाकायचा. उन्हाळ्यात मानसं माघारी आली की घरोघरी जाऊन जोडून द्यायचा. कारभारी नावाचे एक मुकादम हुते, त्यांना दरसाली तीच शंका.

"अजिनाथ, ही लाल उरली की रं."

"लाल लोंबती राहू दे, दाजी. काई फरक पडत न्हाई."

हे वाक्य त्यानं हजार घरांत म्हनलं असंल. गावातली पोरं त्याला बगून आपसांत म्हनायची, पिवळी पांढरी लाव, लाल लोंबती राहू दे. त्यो बी हसायचा. हसायचा म्हंजे तवा हसायचा.

माझं नांदनं दोन वर्षांत आटपलं. नवऱ्यानं दुसरी केली, मी माहेरी आले, ती आजपतुर हितंच हाय. त्याचं मला आता काई वाटत न्हाई. आधीच सांगून ठिवते, न्हाईतर तुमी हळहळत बसाल.

दोन हजार तीन साली अजिनाथाचं लग्न झालं. नवरी सुकन्या, शेवगावाकडची. आमच्यात नवरी घरी आली की नवऱ्याची बहीन दार अडवती. नवरीनं नवऱ्याचं नाव घ्यायचं, तेबी उखान्यात, मंग बहिनीला 'लेक झाली तर तुमच्या घरी देईन' असं कबूल करायचं, मंगच बहीन बाजूला हुती आन नवरी माप वलांडून आत येती. सख्खी बहीन असताना हा मान दुसऱ्या कुनाचा नसतो. पन त्या दिवशी सकाळीच आमच्या आईनं, रतनबाईनं, मला चुलीपाशी बोलावलं.

"लंके, दारात येऊ नगंस. टाकलेली बाई शुभकार्यात पुढं बरी दिसत न्हाई. तू मागं भांड्यांचं बग."

मी म्हनलं, बरं. चुलत बहिनीनं दार अडवलं. मी मागच्या अंगनात पातेली घासत हुते. इतकी घासली की बुडाचा काळा थर निघून तांबं दिसाय लागलं. पुढं वाजंत्री वाजत हुती, दारात काय बोलनं झालं त्यातलं मला एक अक्षर ऐकू आलं न्हाई.

लग्नाची सीडी निघाली. शूटिंगवाल्यानं सगळ्यावर सिनेमाची गानी टाकलेली. भटजी तोंड हलवतोय, गानं वाजतंय. पंगत जेवतीय, गानं वाजतंय. सुकन्याच्या बापानं लग्नात एकवीस इंची टीव्ही दिल्ता, त्याच टीव्हीवर आमी ती सीडी बगायचो. पिवळी, पांढरी लावलेली. लाल मागं लोंबलेली.

त्या तीन वर्षांत अजिनाथ बोलका हुता, हे मी शपथेवर सांगते. सुकन्या दुपारचा डबा घिऊन दुकानात जायची आन तिथंच बसायची. त्यानं तिला वायरीला कथलाचा डाग द्यायला शिकवलं हुतं. चारचौघांत म्हनायचा, माझ्यापेक्षा हिचा डाग पक्का बसतो. मला तर सुकन्यानं कवा टाकलेली म्हनून वागवलं न्हाई. माझ्या ताटाला ताट लावून जेवायची. सनाच्या दिवशी आई मला मागं ढकलायची आन ही कायतरी काम काढून माझ्या शेजारी यून बसायची.

आरती झाली दोन हजार पाचला. दुसऱ्या वर्षी भाद्रपदात सुकन्याला ताप भरला. पाथर्डीला दाखवलं, मंग नगरला नेलं. पाचव्या दिवशी गेली. आरती दीड वर्षाची हुती.

अजिनाथ रडला न्हाई. लोकं म्हनली, आतल्या आत रडत असंल. मी त्याच्या शेजारी हुते, मला तसं काई दिसलं न्हाई. तेरावं झालं आन त्यानं दुकान उघडलं. महिन्याभरानं घरचा टीव्ही आन ती सीडी सायकलीवर बांधून दुकानात घिऊन गेला. कशाला म्हनलं तर म्हनला, तपासायचाय. दोन दिवसांनी आनून परत जागेवर ठिवला. काय बिघडलं हुतं? तर म्हनला, काई न्हाई. मीबी त्यावर जादा डोकं चालवलं न्हाई. घरात दीड वर्षाचं लेकरू रडत हुतं.

आरती मोठी झाली ती माझ्या कडेवर. सुकन्याच्या आवाजाची एकबी निशानी घरात नव्हती. तवा कुनाकडं असले मोबाईल हुते? फोटो चार आन ती सीडी. पहिलीला असताना आरती रोज साळंतनं आली की सीडी लावायची आन दाराजवळच्या सीनपाशी थांबवायची. सुकन्या उंबऱ्यापाशी उभी, डोक्यावर पदर, ओठ हलत्यात. वरनं गानं.

"आत्या, आई काय म्हणते?"

"नाव घेती तुझ्या पप्पाचं."

"कसं?"

आता मी काय सांगू? मी पातेली घासत हुते. पोर माझ्या तोंडाकडं बगत हुती. मी समोरच्या टीव्हीकडं बगितलं आन जुळवलं:

"टीव्हीच्या पेटीत दिसतं मुंबई आन पुनं, अजिनाथरावांच्या घरात न्हाई कशाचं उनं."

तिला लई आवडलं. दहा वेळा म्हनून घेतलं. अजिनाथ ओट्यावर जेवत हुता. पोरगी त्याच्याकडं पळत गेली, म्हनली, पप्पा, आई असंच म्हणाली होती ना? त्यानं माझ्याकडं बगितलं. 'बरं' म्हनेल असं मला वाटलं. त्यो म्हनला, "व्हय."

मला वाटलं, ह्याच्या ध्यानात नसंल. आठ वर्षं झालेली, लग्नाच्या गडबडीत कुनाच्या ध्यानात राहतंय.

पुढं सीडी प्लेअर बिघडला. जगाचे टीव्ही दुरुस्त करनाऱ्या मानसानं घरचा प्लेअर काई दुरुस्त केला न्हाई. पार्ट मिळत न्हाई म्हनला. टीव्ही मातुर त्यानं मरू दिला न्हाई. इकडचा पार्ट तिकडं घालून बावीस वर्षं चालवला. सगळं गाव भिंतीवरच्या चपट्या टीव्हीवर गेलं. तोडीला जानारी मानसं आता टीव्ही ठिवायला येत न्हाईत, मोबाईल खिशात घालून जात्यात. त्या चपट्या टीव्हीला रंगीत भोकं नसत्यात, असली तरी कुनी इचारत न्हाई. एकच चपटी पिन. चित्र, डावीकडचा आवाज, उजवीकडचा आवाज, सगळ्याचे आकडे करून एका वायरीत. एकदा त्यो गिऱ्हाइकाच्या घरी असा टीव्ही लावून आला आन मी चहा देताना आपनहून म्हनला:

"आक्का, ह्या नव्या वायरीत लोंबतं काई राहत न्हाई. आलं तर सगळं येतं, न्हाईतर काईच येत न्हाई."

त्या वर्षातलं हे त्याचं सगळ्यात मोठं बोलनं. मी म्हनलं, चांगलंच हाय की मंग. त्यो उठून गेला.

औंदा आरतीचं लग्न ठरलं. मुलगा रविराज, नागापूरला एमआयडीसीत कंपनीत हाय. मानसं साधी. अजिनाथाला सांगितलं तर म्हनला, बरं. मी त्याच्यावर वरडले. म्हनलं, लेकीचं लग्न हाय, भाजी आनायला न्हाई सांगितलं. त्यो म्हनला, "चांगलं झालं, आक्का." पन ते बी 'बरं'सारखंच म्हनला.

आरतीनं ठरवलं हुतं, लग्नात आईचाच उखाना घ्यायचा. फक्त अजिनाथरावांच्या जागी रविराजरावांच्या. आरशापुढं उभी राहून म्हनायची, "न्हाई कशाचं उनं," आन म्हनायची, आत्या, आईचं एवढंच माझ्याकडे आहे. मी रोज सकाळी ठरवायची, आज सांगते, हा उखाना तुझ्या आईचा न्हाई, माझा हाय. रोज पोरीचं तोंड बगितलं की गप बसायची. फटकळ म्हनवून घेते, आन ह्या एका गोष्टीला माझं तोंड उघडंना. पोरीनं पंधरा वर्षं जे आईचं म्हनून जपलं, ते खोटं हाय असं हळदीच्या तोंडावर सांगायचं कसं?

आन तिला आनखी एक पायजे हुतं. हळदीच्या दिवशी पाव्हन्यांना आईचा व्हिडिओ दाखवायचा. गावात नुकतीच इंटरनेटची वायर आल्ती आन तिच्यासंगं एक बॉक्स मिळाल्ता. त्यावर सगळ्या मालिका, पिक्चर, पेन ड्राईव्ह लावला तर तेबी. पन बॉक्सला मागं भोक एकच, त्या नव्या चपट्या पिनेचं. आन आमचा टीव्ही पिवळ्या-पांढऱ्याचा.

"पप्पा, मधे लावायची डबी मिळते ना? कन्व्हर्टर?"

"ह्या टीव्हीला लागत न्हाई."

"लागते. मी बघितलंय."

"डब्या येत न्हाईत आता."

ह्याच्या दुकानाचा केर मी काढते. टेबलाच्या खनात चार डब्या कोऱ्या पडल्यात, मी सवता बगितल्या. मला वाटलं, वय झालं, इसरला असंल. रविराजनं फोन करून सांगितलं, नवीन टीव्हीच घेऊ, मी घेतो. अजिनाथ म्हनला, "नगं. तिच्या माहेरचा हाय." मला बरं वाटलं. वाटलं, बायकोची आठवन म्हनून तरी ह्याच्या आत कायतरी शिल्लक हाय.

आरती माझ्याच हातावर वाढलेली, ती काय ऐकती. पाथर्डीला जाऊन तिनं सीडी पेन ड्राईव्हवर करून आनली. सीडी चरली हुती, पंगत गेली, वरात गेली, पन दार राहिलं. येताना डबीबी घिऊन आली. दुपारची येळ, अजिनाथ दुकानात. मी गहू निवडत हुते. तिनं बॉक्स डबीला लावला, आन डबीपासनं टीव्हीपतुर घालायला बापाच्या ट्रंकेतली एक जुनी तीन पिनांची वायर काढली. पिवळी लावली, चित्र आलं. पांढरी लावली, आवाज न्हाई.

"पांढरीची मान तुटलीय," म्हनली आन पांढऱ्या भोकात लाल घालाय लागली.

"आगं, लाल लोंबती राहू दे," मी म्हनलं. सवयच तसली.

"आत्या, आवाज तर आवाजच असतो."

आन आवाज आला. गानं न्हाई आलं. मानसांचा आवाज आला. बायांचा कालवा, कुनाचं तरी लेकरू रडतंय, लांब वाजंत्री. शूटिंगवाल्यानं गानी एका बाजूला टाकली हुती आन खरा आवाज दुसऱ्या बाजूला तसाच ठिवला हुता. बावीस वर्षं त्यो लालमधी हुता.

आरती वायर हातात धरून तशीच बसली. टीव्हीत बाया म्हनत हुत्या, नाव घे, नाव घे. सुकन्याचे ओठ हलले.

"दार अडवायचा मान लंकाआक्काचा हाय. त्यांना बोलवा."

आवाज घोगरा हुता तिचा. सर्दी झाल्यावानी. मी ते पार इसरले हुते.

मंग आमच्या आईचा आवाज. "आसू दे गं. टाकलेल्या बाईला दारात कशाला बोलवती? तू नाव घे."

"त्या न्हाईत तर मीबी नाव घेत न्हाई."

बाया गप झाल्या. तेवढ्यात मागनं पातेली आदळल्याचा आवाज आला, लागोपाठ तीन वेळा. ती पातेली माझी. सुकन्यानं मान वळवून तिकडं बगितलं. तिच्या शेजारी अजिनाथ, बाशिंग बांधलेला, खाली बगत उभा. एक शब्द बोलला न्हाई. सुकन्यानं माप वलांडलं आन आत गेली.

आरतीनं मागं नेऊन परत लावलं. परत तेच. तिसऱ्यांदा लावलं तवा मी दाराकडं बगितलं. अजिनाथ उभा हुता, हातात रिकामा डबा. कवा आला काय म्हाईत.

"लाल लावली," त्यो म्हनला.

"पप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

त्यानं डबा खाली ठिवला. मंग म्हनला, सुकन्या गेल्यावर दुकानात नेऊन लावून बगितला हुता. मेकॅनिक मानूस, गानी एका पिनेत हायेत म्हनल्यावर दुसरीत काय हाय ते त्याला कळनारच.

"एकदाच ऐकला," म्हनला. "मंग काढली."

मी इचारलं, "का रं?"

"आई तुला जे बोलली ते त्याच्यात हाय, आक्का. तू ह्या घरात, आई तवा जित्ती. तुला लागलं असतं."

मी निवडलेले गहू तसेच पुढ्यात. मला कळंना हसू का रडू. म्हनलं, "आरं येड्या, ती मला तोंडावर बोलली हुती. त्याच सकाळी. चुलीपाशी."

त्यानं माझ्याकडं बगितलं. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडावर मी काई बगितलं नव्हतं, त्या दिवशी बगितलं. कुनीतरी पायाखालची फळी काढून घेतल्यावानी त्यो दिसला.

"मला ठाऊक नव्हतं," म्हनला.

म्हंजे बगा. बायकोचा आवाज हाताशी असून ह्यानं बावीस वर्षांत एकदाच ऐकला. पोरीला कळू दिला न्हाई. प्लेअर मुद्दाम मोडका ठिवला, डब्या खनात दडवल्या, नवा टीव्ही घरात येऊ दिला न्हाई, कारन नव्या वायरीत आवाज लपत न्हाई. हे सगळं माझ्यासाठी. आन मला जे कळू नये म्हनून केलं, ते मला त्याच्या आधीपासनं ठाऊक. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की कुनीतरी दारात उभं राहून मला बोलवत हुतं.

मला तवा काईच वाटलं न्हाई, खरं सांगते. मी गहू पाखडले, डब्यात भरले. आरतीनं टीव्ही बंद केला. जाताना एवढंच इचारलं, "तो उखाणा कुणाचा, आत्या?"

"माझा."

ती आत गेली. पुढचे चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. बापाशी तेवढंबी न्हाई. तिचं काय चुकलं? एकानं तिच्या आईचं बोलनं लपवलं आन दुसरीनं त्या जागी सवताचं घातलं. पाचव्या दिवशी भाकरी थापताना माझ्या कानात सुकन्याचा घोगरा आवाज आला, त्यांना बोलवा, आन मी तव्यावरची भाकरी जळेपतुर रडले. अजिनाथ जेवायला बसला हुता. त्यो उठला, भाकरी उलटली, चुलीतलं लाकूड मागं ओढलं आन परत ताटावर बसला. जळकी भाकरी त्यानंच खाल्ली.

हळदीला व्हिडिओ कुनाला दाखवला न्हाई. आरतीनंच नगं म्हनलं.

लग्न तिसगावच्या मंगल कार्यालयात झालं. अक्षता पडल्या आन मी नेहमीसारखी मागं गेले. आचारी हुते, वाढपी हुते, मला तिथं काई काम नव्हतं. पन मला लग्नात उभं राहायची जागा म्हनून तेवढीच ठाऊक. मी एक पातेलं घिऊन घासाय बसले. पुढं घास भरवायची पंगत बसली आन बाया नाव घे, नाव घे करून मागं लागल्या. मंग एकदम सगळं शांत झालं. म्हनलं, काय झालं?

मागच्या दारात अजिनाथ आला. नवा सदरा, खांद्यावर उपरनं. त्यानं माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं आन बाजूला ठिवलं.

"चल, आक्का. आरती नाव घ्यायची थांबलीय."

"आरं, पन मी..."

"मी तवा बोलायला पायजे हुतं," त्यो म्हनला. "तोंड उघडलं न्हाई. तू चल."

त्यानं माझं मनगट धरलं. माझे हात राखेचे, वले, तसेच. साऱ्या मांडवातनं त्यानं मला पुढं नेलं, पाव्हन्यांच्या मधून, आन लेकीच्या पाटापाशी उभं केलं. आरतीनं हातातला घास तसाच धरला हुता. तिनं माझ्याकडं बगितलं, आन रविराजकडं वळली.

"टीव्हीच्या पेटीत दिसतं मुंबई आन पुनं, रविराजरावांच्या घरात न्हाई कशाचं उनं. हा उखाणा माझ्या आत्याचा."

बायांनी टाळ्या वाजवल्या. अजिनाथानं माझं मनगट अजून सोडलं नव्हतं. दुसऱ्या हातानं त्यानं खांद्यावरचं उपरनं तोंडाकडं ओढलं. मी वर बगितलं न्हाई, त्याचं त्याला रडू दिलं.